मागच्या चाकाची हवा

माझी स्कूटर माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि तिचं कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक म्हणजे आमच्या घरातलं रविवारचं नाटक. बायको पायरीवर बसून ते खड्या आवाजात वाचायची, मी हातोडा परजत अभिनय करायचो. "अहो, सगळं पुस्तक पाहिलं, हातोडा कुठेच नाही. खाली ठेवा तो!"

ती जाऊन वर्ष झालं. परवा पाहतो तर मागचा टायर फक्त मधोमध गुळगुळीत झालेला. पुस्तक मीच उघडलं, मीच मोठ्याने वाचलं: ओझ्याच्या मानाने हवा जास्त असली की टायर मध्येच झिजतो. खाली हवेचे दोन आकडे होते. एकट्यासाठी कमी, मागे कुणी बसणार असेल तर जास्त. वर्षभर मी जास्तीचाच भरत होतो.

नवा टायर घालून कसब्यातल्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"आता सिंगलचीच ना?"

काकांना मी एरवी पाच मिनिटं तरी ऐकवतो. त्या दिवशी एकच शब्द निघाला.

"डबल."

"हाही टायर खाईल, साहेब."

"खाऊ द्या."