पहिला मासा पाण्याचा

माझ्या मुलीने माझ्या बाबांना अडीच महिन्यांत एकदाही हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची, नाहीतर त्यांच्या सदऱ्याची बाही ओढायची. बाबा तेवढ्यावरही खूश. टोकियोतल्या फुनाबोरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा पिताना ते मला म्हणायचे, "जाण्याआधी एकदा 'आजोबा' म्हणाली ना, की मी भरून पावलो. बाकी मला तुमच्या जपानातलं काही नको."

पोर नऊ वर्षांची, जपानी बापाची, जपानी शाळेतली. तिला मराठी येत नव्हतं आणि तो दोष सर्वस्वी माझा. ती लहान असताना नोकरी, पाळणाघर आणि कुठला कचरा कुठल्या वारी यात मी इतकी पिचले होते, की जी भाषा घरात पटकन कळेल ती बोलत गेले. नवऱ्याला मराठीतले दोन शब्द येतात, 'पुरे' आणि 'अजून', तेही जेवायला बसल्यावर. त्यामुळे बाबा आल्यापासून घरातलं प्रत्येक वाक्य माझ्यातून जायचं. बाबा बोलणार, मी जपानीत सांगणार. ती बोलणार, मी मराठीत सांगणार. कंपनीतही दिवसभर मी हेच करते, पुण्याच्या टीमचं टोकियोला आणि टोकियोचं पुण्याला. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

मग मी गाळायला लागले. बाबांच्या दहा वाक्यांतली चार सांगायची. मुलगी काही लागेलसं बोलली की साखर घालून पुढे सरकवायची. "ती म्हणते, लाडू छान झालेत." प्रत्यक्षात ती म्हणालेली असायची, हे वाळूसारखं लागतंय. घर शांत होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि मला वाटायचं मी फार शहाणी.

बाबांचा व्हिसा संपायला आठवडा उरला तेव्हा आम्ही सगळे माझ्या सासरी गेलो. सासर बिवा तळ्याच्या काठावर आहे. तळं म्हणायचं एवढंच, धुकं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही. बाबांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं. "गोडं आहे की गं. एवढं पाणी आणि मीठच नाही?" त्यांचा जन्म रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचा. जिल्हा परिषदेत कारकुनी करून निवृत्त झाले, पण खाडीत गरी टाकून बसल्याशिवाय त्यांचा एक रविवार गेला नाही.

माझ्या सासऱ्यांना मुलगी जीजी म्हणते. दर उन्हाळ्यात एका सकाळी जीजी तिला भाड्याच्या बोटीवर घेऊन जायचे, बिवामासू पकडायला. हा सॅमन आणि ट्राउटच्या कुळातला मासा, फक्त याच तळ्यातला, आणि कच्चा खाल्ला तर लोण्यासारखा. आतापर्यंत ती नुसती शेजारी बसायची. या वर्षी तिच्या हातात रीळ द्यायचं ठरलं होतं. पण वसंतात जीजींना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोट आधीच ठरवलेली होती. जीजी तिला म्हणाले, "तू जा. तुझ्या हातचा एक मासा आण, मी डाव्या हाताने खाईन." त्यांच्या जागी बाबांना न्यायचं असं नवऱ्याने सुचवलं. मुलगी काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं आम्ही सोयीने धरून चाललो.

आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंबरोबर भांडी पुसत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला त्यांची थोडी लाजच वाटली.

"तिला सांगून ठेव हं, पहिला मासा पाण्याचा," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी माझा हात धरून सोडायला लावला होता. मी तुझा धरला होता, आठवतंय ना? आता तिचा मी धरणार. आजोबाचंच काम आहे ते. पण आधी सांग तिला, पोर आहे, वाईट वाटायला नको."

आठवत होतं. आमच्या घरची रीतच ती. जो आयुष्यात पहिल्यांदा गरवतो त्याने पहिला मासा, कितीही मोठा असो, खाडीला परत द्यायचा. मी सात वर्षांची होते. रडले होते, आणि रडताना बाबांच्या ओल्या हातात माझे हात होते, ते मला कितीतरी वर्षं पुरलं.

"हो, सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. विसरले असते तर आज हे लिहिताना हात जड झाला नसता. मी विसरले नव्हते. मी हिशेब केला की हिला सांगितलं तर ही नाही म्हणणार, जीजींचं काय म्हणून विचारणार, मग ते बाबांना सांगायचं, मग बाबा खाडीची सगळी कथा लावणार, ती मी जपानीत करायची, आणि पहाटे चारला उठायचंय. शिवाय मासा लागेलच कशावरून. मी भांडी जागेवर ठेवली आणि झोपले.

उजाडताना बोट सुटली. कप्तान साठीची बाई होती, कमी बोलणारी, उन्हाने रापलेली. तिच्या बोटीची पद्धत बाबांना अजिबात पटली नाही. हातात काठी धरायचीच नाही. चार काठ्या मागच्या बाजूला खोबणीत उभ्या, दोऱ्यात शिसं, दोरा मागे लांबवर सोडलेला आणि पार वीस मीटर खाली, त्याला एक चकचकीत पत्रा आणि पत्र्यामागे चमच्यासारखा गळ. बोट आपली चालत्या माणसाच्या वेगाने सरकत राहणार.

"आमिष नाही?" बाबा म्हणाले. "नुसता चमचा बघून येतो? तुमचा मासा भलताच गरीब दिसतोय."

हेही मी गाळलं.

काठी वाकली की ती कोणी घ्यायची हे आधीच ठरवतात, दगड-कागद-कात्री खेळून. बाबांना खेळ माहीत नव्हता, त्यांनी नुसती मूठ पुढे केली. आम्हा तिघांची कात्री होती, त्यामुळे पहिली पाळी बाबांची लागली आणि मुलीने तोंड फिरवलं. कप्तान बाईने सांगून टाकलं की पाळी म्हणजे पाळी, इथे लहानमोठं नाही.

दोन तास काही नाही. ऊन वर आलं, नवरा डुलक्या घ्यायला लागला. आणि मग डावीकडची काठी एकदम वाकली आणि थरथरायला लागली. कप्तान बाईने बाबांकडे बोट केलं. बाबा उठले, दोन पावलं गेले, काठीला हात लावला. आणि मागे फिरून म्हणाले, "तिला दे. माझी पाळी तिला."

हे वाक्य मी शब्दन् शब्द सांगितलं. मुलीने बाबांकडे बघितलं. अडीच महिन्यांत ती त्यांच्याकडे अशी सरळ पहिल्यांदाच बघत होती. मग तिने रीळ धरलं. दोरा इतका लांब होता की दहा-बारा मिनिटं ती फिरवत होती, ओठ दाताखाली धरून, आणि बाबा तिच्या मागे हात न लावता उभे. जाळीत मासा आला तेव्हा तो तिच्या हाताएवढा लांब होता, चांदीसारखा. कप्तान बाईने तो मागच्या पाण्याच्या पेटीत सोडला. परतताना मारून बर्फात ठेवू, तोवर ताजा राहील, म्हणाली आणि दोरे पुन्हा लावायला वळली. मुलगी दोन्ही हात वर करून नाचत होती. "जीजी खाणार, जीजी खाणार." मी फोनवर चित्रण करत होते.

ते चित्रण माझ्याकडे अजून आहे. त्यात बाबा गुडघ्यावर बसतात. आधी हात ओले करतात, कोरड्या हाताने मासा भाजतो असं ते नेहमी म्हणायचे. मग मासा उचलतात आणि मानेने तिला बोलावतात. तिला वाटलं फोटो काढायचाय. ती हसत येते, त्यांच्या हातांवर आपले हात ठेवते, आपणहून. बाबा माशाला कपाळ टेकवतात, काहीतरी पुटपुटतात, आणि दोघांचे चार हात बोटीच्या कडेवरून खाली जातात. शेपटीचा एक फटका, आणि हात रिकामे.

बाबा वर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ती हाक मारणार असं त्यांना वाटत होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि मी फोन खाली घेतला.

ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "का?"

एवढंच उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मला काल सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही. दोन वाक्यं. कप्तान बाई बघत होती, नवरा बघत होता. मी म्हणाले, "मला काय माहीत."

तेव्हा ती म्हणाली, अगदी हळू, "जीजी नाही, हा माणूस आजारी पडायला हवा होता."

कप्तान बाईने मान फिरवली. नवऱ्याने मुलीचा दंड धरला. बाबांनी तोंडावरचं हसू तसंच ठेवून मला विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

अडीच महिने मी गाळत होते. तेव्हाही एक खोटं वाक्य सहज जमलं असतं. तिला आनंद झालाय, थोडी रडवेली झालीय, काहीही. पण मला राग आला होता. स्वतःचाच आला होता, आणि स्वतःवरचा राग माणूस स्वतःवर कधी काढत नाही, जो समोर गुडघ्यावर बसलेला असतो त्याच्यावर काढतो. मनात आलं, हौस ना फार, आजोबाचं काम करायची, मग घ्या. मी ते वाक्य त्यांना मराठीत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. 'हा माणूस'सुद्धा तसंच ठेवलं.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी हात पँटला पुसले आणि जागेवर जाऊन बसले. मग त्यांनी बघितलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. बराच वेळ.

कप्तान बाईने ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर जास्त बोट फिरवली. एकही काठी वाकली नाही. घरी जीजी सकाळपासून खुर्चीत बसले होते, पुढे रिकामी ताटली, डाव्या हाताजवळ जेवायच्या काड्या. मुलगी त्यांच्या पायाशी बसून माफी मागत होती. जीजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तळ्यातच आहे ना, मग पुढच्या वर्षी आण. बाबांना त्यांनी वाकून नमस्कार केला, नातीला सोबत केल्याबद्दल आभार मानले. बाबाही वाकले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोण आणि कुणाला.

चार दिवसांनी बाबा गेले. विमानतळावर मुलगी त्यांच्यापुढे कमरेत नीट वाकली, जशी शाळेत पाहुण्यांपुढे वाकतात. ऑक्टोबरात जीजीही गेले. पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही.

त्यानंतर मी मुलीला ओजिमातल्या शनिवारच्या मराठी वर्गाला घातलं. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, तशातली गत. पण तिथे तिला दोन मैत्रिणी मिळाल्या आणि ती खरंच शिकली. जूनमधल्या एका रविवारी मी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. आमचं बोलणं तेव्हा औषधं आणि हवापाणी याच्यापुढे जात नसे. मुलगी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली, केस कानामागे सारले आणि स्पष्ट म्हणाली, "आजोबा, तुम्ही कसे आहात?"

माझे डोळे भरून आले. पलीकडे बाबा ओसरीवर बसले होते. त्यांचे कान चांगले आहेत, आणि फोनचा आवाजही मोठा होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. नजर माझ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"बाबा, मराठीत बोलली ती. आजोबा म्हणाली. कसे आहात विचारतेय."

"एवढंच?"

"एवढंच."

"नक्की ना? काही गाळलं नाहीस ना?"

मी नकारार्थी मान हलवली. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या वर्गात अजून इतकं मराठी झालं नव्हतं. तिने जपानीत विचारलं, काय म्हणाले ते?

"खूप खूश झाले म्हणतात," मी सांगितलं.