ग्राहक फोन उचलत नाही

बायको म्हणते, राग तुमच्या नाकावर बिऱ्हाड करून बसलाय. असेल. पण त्या शुक्रवारी कोणाचंही डोकं फिरलं असतं.

मी घरोघरी वायफाय दुरुस्त करतो. सकाळी तक्रार आली: तळमजला, दोन खोल्या, शिंपी, व्हिडिओ कॉल अडकतो. खाली शेरा होता, याआधी तीन वेळा बंद केली. तिन्ही वेळा कारण एकच, ‘ग्राहक फोन उचलत नाही.’ म्हटलं, असतात असले नग. आधी तक्रार करायची आणि फोन आला की मूग गिळून बसायचं.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक खाट. साठी उलटलेले मास्तर मशीनवर वाकून शाळेची खाकी पँट शिवत होते. तीनदा हाक मारली, मान वर नाही. चौथ्यांदा मी खेकसलोच, “अहो, बहिरे आहात का?”

माझी सावली कापडावर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. कानाला बोट लावून मान हलवली आणि हसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग जो संताप आला म्हणता! हा माणूस अ‍ॅपवर बटण दाबून तक्रार नोंदवतो, आणि आमचं ऑफिस त्याला फोन करतं! ऐकू न येणाऱ्याला! उचलत नाही म्हणून तक्रार बंद! कोणत्या शहाण्याने केलं बघू, म्हणून मोबाइल उघडला. पहिल्या दोन वेळा एक पोरगी होती ऑफिसातली. तिसऱ्या वेळी मी होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडीवर बसून दोन रिंगा दिल्या होत्या, आत पाऊलही टाकलं नव्हतं. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, त्या गपगुमान गिळल्या.

मास्तरांनी त्यांचा फोन पुढे केला. वरून खालपर्यंत त्यांचा एकच शब्द, ‘नको’, ‘नको’, ‘नको’. लिहिणं त्यांना तेवढंच जमतं. आणि खाली मुलीचा मेसेज: ‘बाबा, तुम्ही कॉल मध्येच तोडता. एकटे राहता, मला झोप लागत नाही. आता वाद नको. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येते, तुम्ही आता माझ्याकडेच राहायचं. मशीन विकायचंय.’

तोडता म्हणे! तोडत होता तो आमचा वायफायचा डबा, आणि नाव बापाचं.

मी खुणेने म्हटलं, बाहेर जाऊन फोन लावतो, मीच सांगतो तिला. तर मास्तरांनी कात्री टेबलावर अशी आपटली की मी दचकलो. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले. मी बोलणार. ह्या हातांनी. जन्मभर ह्यांच्या वतीने कोणी ना कोणी बोलत आलं असणार, आणि आज त्यात मी भर घालायला निघालो होतो.

मग लागलो कामाला. आत रेंज नाही, आणि बाहेर गल्लीत फोन धरला तर बोलायला एकच हात उरतो. म्हणजे वायफायच हवं. आणि आमच्या विक्रीवाल्याने दोन खोल्यांना तीन डबे गळ्यात मारले होते! मुख्य डबा कुठे, तर गिऱ्हाइकाच्या पुरुषभर उंच आरशामागे. दुसरा लोखंडी कपाटावर, तिसरा मागे ओट्यावर. आरशाच्या मागचा मुलामा आणि कपाटाचा पत्रा, दोघं मिळून सिग्नल अडवत होते. मागचे डबे स्वतःच उपाशी, ते फोनला काय वाढणार? आणि फोन नेमका त्यांनाच चिकटायचा. आणि ऑफिसने अ‍ॅपवर काय सुचवलं होतं? चौथा डबा घ्या! जखम मांडीला, मलम शेंडीला.

दोन्ही जादा डबे उपटून पिशवीत टाकले. मुख्य डबा आरशामागून काढला, वायर भिंतीवरून नेऊन कापायच्या टेबलाच्या वर, उघड्या भिंतीवर, उंच ठोकला. फोनवर एक व्हिडिओ लावून कोपऱ्यातून कोपऱ्यात फिरवला, कुठेच अडकला नाही. मग फोन कापडाच्या ताग्याला टेकवून उभा केला.

कॉल लागला. मुलगी लॅपटॉपसमोर होती. तिचे हात भराभर चालत होते. मास्तरांचे त्याहून भराभर. मला एक अक्षर कळलं नाही, पण भांडण कोणत्याही भाषेत कळतं. मास्तर मशीनकडे बोट दाखवत होते, जमिनीवर पाय रोवत होते. मध्येच ती रडायला लागली आणि तिने तोंड फिरवलं. मी मास्तरांच्या शेजारीच उभा होतो; तिकडे बघतच मला म्हणाली, “काका, तुम्ही तरी समजवा ना त्यांना. माझं ऐकतच नाहीत.”

मास्तर माझ्या ओठांकडे बघत राहिले. हात हवेतच होते.

माझा पारा चढला. “ताई,” म्हटलं, “ऐकत तुम्ही नाही आहात. तुम्ही तोंड फिरवलंत की त्यांनी बोलायचं कोणाशी? भिंतीशी? इकडे बघा आधी!”

फार चढा आवाज लागला माझा. तिने डोळे पुसले आणि वळली. मास्तरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सावकाश. ती शेवटपर्यंत बघत होती, मध्ये एकदाही हात उचलला नाही.

मग बाजूचा फोन घेऊन तिने टेम्पोवाल्याला लावला. घुश्शातच होती. म्हणाली, “उद्या येऊ नका. बाबा नाही म्हणाले.”