वालाचं घरचं बी

भात कापून झालं की आमच्या पळसदरीच्या शेतात वाल पेरतात. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दंव, एवढ्यावरच ते वाढतात. पाणी कुणी देत नाही. बाजारातलं बी आणून पाहिलं होतं. ते तजेलदार उगवतं आणि फुलायच्या आधीच वाळतं. आमचं बी मात्र या जमिनीला सरावलेलं आहे. तुमच्या आजोबांच्या आईपासून, म्हणजे माझ्या सासूबाईंपासून, ते घरात चालत आलंय.

यंदा तुमच्या आत्याने वरचा पडीक तुकडाही पेरायला घेतला, त्यामुळे मडक्यात राखून ठेवलेलं सगळं बी संपलं. ते काही मनाला लागलं नाही, कारण पीक सुरेख आलं होतं. पण वाल फुलावर असताना आभाळ भरून आलं आणि खालच्या तुकड्यात काळा मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, पडला. शेंड्यांना जणू कुणी काजळ फासलं होतं. पीक गेलं असतं तर पुन्हा पेरायला एक दाणाही उरला नसता.

शेजारचे काका बांधावर येऊन उभे राहिले. "माझा पंप घेऊन जा गं. सकाळी फवारलं की संध्याकाळी साफ. नायतर बी पण नाय उरायचं."

आजोबांचंही मन डळमळलं. "एकदाच मारू. बियाण्यासाठी म्हणून."

"बाबा, फुलांवर मधमाश्या बसल्यात," आत्या म्हणाली. "त्यांना काय सांगू, दोन दिवस येऊ नका म्हणून?"

मावा वरच्या तुकड्यात पसरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तिने खालचा तुकडा उपटायला घेतला. फुललेलं पीक! आजोबा बांधावर बसून राहिले. मला स्वतःला बघवेना, म्हणून मी घरात आले आणि डबे पुसत बसले. संध्याकाळपर्यंत तिने सगळी रोपं खड्ड्यात पुरली होती. तिच्या हातांना तो काळा चिकटा लागला होता, तो साबणानेही निघेना.

वरच्या तुकड्यात पोचलेल्या थोड्या माव्यासाठी चुलीची राख होती. ती पार थंड आणि पिठासारखी बारीक हवी. माझी पिठाची चाळणी त्यात कामी आली, ती परत स्वयंपाकघरात घेतलेली नाही. दंव पानांवर असेपर्यंतच राख धुरळायची, म्हणजे ती चिकटते. ऊन चढलं की नुसतीच उडून जाते. आत्या रोज उजाडता उजाडता शेतात असायची, आणि आजोबा तिच्यामागे घमेलं घेऊन.

काका पुन्हा आलेच. "काय गं, वालाला पावडर लावतेस? लगीन हाय का त्याचं?"

"हो काका, हळद झाली. तुम्ही आहेर घेऊन या!"

ते हसत गेले, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची राख पाटीभर बांधावर ठेवलेली होती.

आभाळ निवळलं. मावा पुरता गेला नाही, पण पुढे पसरायचा थांबला आणि शेंगा धरल्या. आत्याने माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या फाडून चांगल्या वेलांना बांधल्या, बियाण्याची ती शेंग कुणी खायला तोडू नये म्हणून. मी आयुष्यभर हिशेबाने, टापटिपीने वागले, पण चांगलं पीक आपल्या हाताने उपटायचं धैर्य मला झालं नसतं. ते तिने कुठून आणलं, कोण जाणे.

शेंगा वेलावरच वाळल्या. झोडून, पाखडून दाणे राखेत घोळवले, तेव्हा मडकं जेमतेम गळ्यापर्यंत भरलं. एवढं तर पुढच्या पेरणीलाच लागेल, म्हणून यंदा तुमच्या पार्सलमध्ये वाल नाहीत. कोकमं आणि तांदळाचं पीठ तेवढं आहे. आम्हीही वालाचं बिरडं केलेलं नाही. आजोबांनी एकदा मडक्यात हात घातला होता, मला म्हणाले, "मूठभर काढतो. आपल्या दोघांपुरतं."

"बाबा!" आत्या म्हणाली.

त्यांनी मूठ आतच उघडली, हात झटकला आणि मडक्याच्या तोंडाला स्वतःच फडकं बांधलं.