दत्तादादाची तेरा इंची चाकं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन आलं ते बायकांच्या ब्लाऊजची मापं लिहिण्यापुरतं. दुपारी मी पुरवणीतले लेख वाचते, लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात ते. दादाबद्दलही कुणी लिहावं असं वाटायचं, पण लिहिणारं दुसरं कोण आहे? छापायला देण्याचा धीर माझ्यात नाही. तरी कुणीतरी वाचतंय असं धरूनच लिहिते.

दादा गेला त्या दिवशी मी मानवतला मावसबहिणीकडे होते, तिच्या मुलीच्या साखरपुड्याचे ब्लाऊज पोचवायला. वैनीचा फोन आला. "सुमन, लवकर ये," एवढंच म्हणाली आणि मला कळलं. दादा गॅरेजमध्ये स्टुलावर बसल्या बसल्या गेला होता. परतीच्या एसटीत बसले तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्याला सांगायचं राहून गेलं. रडू त्यानंतर आलं. त्या क्रमाची मला अजून लाज वाटते...

दत्तादादा माझा थोरला भाऊ. जिंतूरला त्याचं गॅरेज. माझं सासर बोरीला. नवरा वारल्यावर तिथे माझं कसं चाललंय हे दादाने कुणाला विचारलं नाही, टेम्पो घेऊन आला, माझी शिलाई मशीन चढवली आणि घराची गॅरेजला लागून असलेली पुढची खोली मला दिली. भिंतीच्या त्या बाजूला त्याचा हातोडा, या बाजूला माझी मशीन, असे आम्ही कितीतरी वर्षं बरोबर काम केलं. मी मुळात कमी बोलणारी. पुरुष गिऱ्हाईक आलं की आत जायचे, बायकांशीही मापापुरतंच. दादा म्हणायचा, "हिनं तोंडालाबी हूक लावून घेतलेत."

आमचे वडील गावातल्या एका डॉक्टरांची गाडी चालवायचे. जुन्या वळणाची पांढरी गाडी, चारी कोपरे गोल. डॉक्टर गेल्यावर ती भंगारात निघाली होती, ती दादाने आणली आणि गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून उभी केली. इंजिन गोड चालायचं, पण ब्रेक जुनेच. पाय दाबला की गाडी आधी विचार करायची आणि मग थांबायची. एकदा बोरीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली अचानक समोर उभी राहिली आणि वैनीचं कपाळ काचेवर आपटलं. टेंगूळ उतरलं, पण वैनी म्हणाली, "या गाडीत मी पुन्यांदा बसणार न्हाई." दादाच्या ते फार मनाला लागलं. कारण त्याने गाडी केली होती ती वैनीला शेजारी बसवून तिच्या माहेरी न्यायलाच.

मग त्याने पुढच्या चाकांना नव्या गाडीचे मोठे ब्रेक बसवले. त्यात एक लोखंडी तबकडी असते आणि तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. हा कॅलिपर एवढा जाडजूड, की मूळची पत्र्याची चाकं त्याच्यावर बसेनात. आतून जास्त जागा असलेली ओतीव अलॉय चाकं घ्यावी लागणार होती. पंधरा इंची घेतली असती तर आरामात बसली असती, पण दादाला तेरा इंचीच हवी होती, मूळ चाकांएवढी. "गाडी डॉक्टरांचीच दिसली पायजे," म्हणायचा.

लहान चाक आत कॅलिपरला टेकेल की नाही हे विकत घेण्याआधी कळायला साचा लागतो. दादाने ब्रेकला ग्रीस लावून त्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबला. आकार उमटला. त्याच्या बाहेरून पेन्सिलीच्या जाडीएवढी मोकळी जागा सोडून त्याने रेघ मारली आणि कागद माझ्याकडे आणला. "सुमे, तुजा हात कात्रीवर बसलेला हाय. पुठ्ठ्यावर नीट कापून दे."

सणाचे दिवस होते, ब्लाऊजचा ढीग पडला होता. मी कागद साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, सवयीने रेघेबाहेर अर्धा इंच मार्जिन धरून खडूने आखलं आणि कापलं. कापड तसंच कापायचं असतं, शिलाई रेघेवर पडते. पण पुठ्ठा कुणी शिवणार नव्हतं. कागद माझ्या कटिंगच्या पिशवीत राहिला आणि पुठ्ठा घेऊन दादा नांदेडला गेला.

संध्याकाळी रिकाम्या हातानेच आला. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं आणि शेजारचे टायरवाले रफीकभाई बसले होते. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा दादा त्यांना सांगत होता, की चाकं अशी मिळाली होती जणू या गाडीसाठीच ओतलीत, पण साचा आत घालून फिरवला की टेकायलाय. "अर्ध्या इंचानं गेलं बघा."

अर्धा इंच ऐकलं आणि मला समजलं. ते माझं मार्जिन होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर चार पुरुष बसलेले, त्यांच्यात मी तोंड कसं उघडू... ट्रे ठेवून आत आले. ठरवलं, ते गेल्यावर सांगू. ते गेले तर दादा दमून जेवायला बसला. म्हटलं, सकाळी. सकाळी उठले तोवर त्याने फोन करून पंधरा इंची चाकं मागवली होती, वैनीने दूध विकून साठवलेल्या पैशातून. तेव्हाही वेळ गेली नव्हती. गेली अशी मीच समजूत करून घेतली.

चाकं आली. स्टेअरिंग वळवलं की टायर मडगार्डच्या कडेला घासायचा. ज्या गाडीवर दादा माशी बसू देत नव्हता, तिच्या मडगार्डची कड त्याने आतून हातोड्याने ठोकून वळवली. भिंतीपलीकडे एकेक घाव पडत होता आणि मी मशीनवर कापड नसताना पाय मारत होते, ऐकू येऊ नये म्हणून. रफीकभाई बघायला आले आणि म्हणाले, "दत्ताभाई, बुढ्ढी कू ऊंची सँडल पिनाए तुम तो." दादाही हसला. मग त्याने गाडीवर ताडपत्री टाकली. वैनीला म्हणायचा, "तेरा इंची मिळू दे, मंग जाऊ तुज्या गावाला." परभणीला गेला तरी पुठ्ठा बरोबर न्यायचा. माझ्याच हाताने कापलेला पुठ्ठा, आणि मी त्याला पिशवीत घालून द्यायचे.

तेराव्यानंतर मी तो वर्तमानपत्राचा कागद शोधून काढला, पुठ्ठ्यावर ठेवला आणि रेघेवरून पुन्हा कापला. रफीकभाईंकडे एक जुनं तेरा इंची अलॉय चाक पडून होतं, दादाने साचा लावून नाकारलेलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या दुकानात गेले आणि चाक मागितलं. पुठ्ठा आत घालून त्यांनीच फिरवला. कुठे न टेकता तो पुरता फिरला. "ये तो बैठरा ना, आपा," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी चाक हळूच भिंतीला टेकवलं.

त्याच दुपारी वैनीला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. ऐकताना हात थांबला नाही, पण खडे बाजूला काढायची ती विसरली. शेवटी म्हणाली, "मंग तवा का न्हाई बोललीस?"

लाजले, हे काय उत्तर झालं? तिने ज्वारी बाजूला सारली. मग म्हणाली, "चाकाला माजे पैसे गेले. ते तू दे."

वाईट वाटण्याऐवजी मला हलकं वाटलं. 'जाऊ दे' म्हणाली असती तर त्या घरात मला घास गिळवला नसता. तेव्हापासून मी दर शनिवारी शिलाईचे पैसे तिच्या हातात ठेवत आले. ती मोजायची नाही, पदराच्या गाठीला बांधायची. गाडीचं नावही आम्ही काढलं नाही.

या शनिवारी शेवटचे दिले. "वैनी, एवढ्यात सगळे झाले," मी म्हटलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा नोटा मोजल्या, सावकाश, ओठ हलवत. बरोबर भरल्या.

"माजं फिटलं," वैनी म्हणाली. "त्येंचं तुजं तू बघ."