एरंडाच्या दांड्यातला निखारा

घराचं छप्पर धडधडा पेटलं होतं, सासूबाई आत अंथरुणावर होत्या, आणि माझे धाकटे दीर अंगणात दोन्ही हात वर करून नाचत होते. "वयनी, जमला गो, जमला! विझूक नाय तो!" एवढा शिकलेला आणि एवढा बिनडोक माणूस अख्ख्या देवबाग गावात दुसरा झाला नाही. माझ्या हातात पाण्याची कळशी होती. ती छपरावर ओतावी की त्यांच्या डोक्यावर, हे मला क्षणभर कळेना.

विझला नव्हता तो निखारा. भावजी मुंबईला एका छापखान्यात मुद्रितं तपासत. तिथे त्यांच्या हाताखालून ग्रीक लोकांच्या देवांच्या गोष्टी गेल्या आणि त्यांतला प्रोमिथियस मानगुटीवर बसला. त्याने म्हणे देवांकडची आग पोकळ दांड्यात लपवून चोरली आणि माणसांना आणून दिली. देवांनी त्याला कड्याला बांधलं. रोज गरुड येऊन त्याचं यकृत खाई आणि रात्रीत ते पुन्हा वाढे. ह्या चोरावर मराठीत मोठं पुस्तक लिहायचं म्हणून भावजी नोकरी सोडून गावी आले. माझा नवरा बोटीवर खलाशी, तेव्हा ह्या विद्वानाचं जेवणखाण माझ्या गळ्यात. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण त्यांनी पहिला भाग वाचून दाखवला तेव्हा विचारलंच, "चोरूक कित्याक व्हयी? शेजारणीकडे मागितल्यान असतां, तर करवंटेतसून दोन निखारे गावले असते." आमच्याकडे तेव्हा काडेपेटी जपून वापरत. सकाळी ज्या घरची चूल आधी पेटे तिथून बाकीच्या बायका विस्तव आणत. भावजींनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "देवांका शेजारी नसतत, वयनी."

लिहायचं ते आधी करून बघायचं, हा त्यांचा हट्ट. यकृत कापलं तर वाढतं का, हे पाहायला त्यांनी किनाऱ्यावरून मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, यकृत आणलं आणि अर्धं कापून पडवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरात बसवेना अशी घाण. शेवटी कावळ्यांनी ते नेलं. मी तोंड सोडलं, तर हे म्हणतात, "गरुडाचा काम कावळ्यांनी केला." सासूबाई आतून ओरडल्या, "माज्याच पोटाक येवचो होतो ह्यो!"

मग आला दांडा. ग्रीकांचा दांडा बडीशेपेच्या जातीच्या कुठल्याशा मोठ्या झाडाचा. आमची बडीशेप वाण्याच्या पुडीतली. भावजींनी पपईच्या पानाचा दांडा वापरून पाहिला आणि बोटं भाजून घेतली. शेवटी वाळका एरंड सापडला. त्यात काथ्या ठासून, मध्ये निखारा ठेवून, ते भर उन्हात तारकर्लीपर्यंत चालत गेले आणि परत आले. विहिरीवरच्या बायका विचारत, "काय वो, आज देवाच्या घरातसून काय चोरलात?" तेही थांबून सगळं नीट समजावून सांगत.

घरी आले तेव्हा दांडा हाताला थंड लागत होता. निखारा विझला असं समजून तोंड उतरलं होतं. नेहमी छत्री खोचत तसा तो त्यांनी पडवीवरच्या झावळ्यांच्या छपरात खोचला आणि विहिरीवर पाय धुवायला गेले. समुद्रावरचा दुपारचा वारा सुटला होता. आतला काथ्या धुमसत होता, हे त्यांना छपरानेच सांगितलं.

"भावजी, आवस आत आसा तुमची!" मी किंचाळले.

हात तसेच खाली आले. माणसाच्या तोंडावरचा रंग असा एका क्षणात जाताना मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. भावजी धावत आत शिरले आणि आईला लहान पोरासारखं उचलून बाहेर आणलं. माडाखाली ठेवल्याबरोबर सासूबाई खोकत म्हणाल्या, "मेल्या, माजो पानाचो डबो आत रवलो!"

आणि हा माणूस पुन्हा आत गेला. पुस्तकाचे कागद माळ्यावरच्या पेटीत होते, इतक्या वर्षांचं सगळं लिहिणं. मी मनात म्हटलं, गेला आता कागदांपायी. आत वासा कोसळल्याचा आवाज झाला. मग धुरातून भावजी बाहेर आले. भुवया जळलेल्या, हातात पानाचा डबा.

"कागद खंय?" मी विचारलं.

"आवशीन डबो मागल्यान," ते म्हणाले.

पुढे घरावर कौलं घातली. पुन्हा लिहा, असं मी त्यांना एकदाच म्हटलं. ते आईचं पान कुटत बसले होते. नुसते हसले आणि कुटत राहिले. वेडा माणूस, पण तो वाचून दाखवी तेव्हा माझी चूल विझली तरी मला कळत नसे. तसं वाचून दाखवणारं नंतर घरात कोणी आलं नाही.

छप्पर गेलं, पुस्तक गेलं. सासूबाई, भावजी आणि मी, तिघं जगलो.