सत्तावीस नंबरची हजेरी

पहिल्या दिवशी अक्षदानं वर्गात "हजर, मॅडम!" असा आवाज दिला आणि मागच्या दोन बाकांवरची पोरं खी खी हसली. हसणारच हो! सिल्लोडकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेली पोर ती. तिची हाक दोन शेतं ओलांडून जायची. शंभर जणांच्या वर्गात नाकातल्या नाकात "प्रेझेंट" म्हणायचं असतं, हे तिला सांगणार कोण? घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच.

सांगितलं ते श्रेयानं. हॉस्टेलच्या खोलीत दोनच खाटा, एक हिची, एक तिची. श्रेया पैठणची, वडील तात्यासाहेब बागायतदार, कपडे सगळे इस्त्रीचे, पण पोरीच्या डोक्यात हवा नव्हती. सिटी बस कुठं थांबते, जर्नल कसं भरायचं, मेसमधली बट्टी कच्ची निघाली तर कुणाला झापायचं, सगळं तिनंच शिकवलं. ती नसती तर अक्षदानं आठवड्यातच बोचकं बांधून सिल्लोडची गाडी धरली असती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र श्रेयाचं काहीतरी बिनसलं. ताटातली पोळी तशीच राहायला लागली. फोन आला की ती गॅलरीत जायची आणि परत यायची ती पांढरीफटक होऊन. विचारलं तर, "काही नाही गं." हे लक्षण अक्षदाला ओळखीचं होतं. पुढ्यातला चारा सोडून एखादं मेंढरू कडेला जाऊन उभं राहिलं, की तिचे आजोबा मुंजाबा हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडं जायचे. पण शहरात म्हणे कुणी कुणाच्यात नाक खुपसत नाही. अक्षदा गप्प बसली. गप्प बसायलाही ती इथंच शिकली होती.

सोमवारी सकाळी श्रेया केस विंचरता विंचरता म्हणाली, "दोन दिवस करमाडला मावशीकडं जाऊन येते. माझी हजेरी तेवढी लाव. नाही लागली की पप्पांना लगेच मेसेज जातो."

"अन् सापडले तं? नोटीस वाचली नाय का? खोट्या हजेरीला दोघींचं बी नाव कॉलेजातून काढतीन."

"अगं, मॅडम मान तरी वर करतात का?"

मॅडम खरंच मान वर करत नव्हत्या. नंबर पुकारायच्या, मोबाईलवर बोट टेकवायच्या, की तिकडं आईबापाच्या फोनवर ‘हजर’. अक्षदानं आपल्या चार नंबरला उत्तर दिलं आणि सत्तावीसला श्रेयासारखा बारीक आवाज काढला. हुबेहूब! मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वा रे पठ्ठे!" पहिल्या दिवशी हसलेल्यांपैकीच होता तो. आता खोटं कशाला बोला, अक्षदाला लई बरं वाटलं. आपण आता इथल्या झालो, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मंगळवारी तेच. बुधवारी दोन दिवस उलटून गेले होते, श्रेयाचा फोन बंद होता, तरी तेच. गुरुवारी नंबर आला तेव्हा ती वहीतच बघत राहिली. मॅडमनी पुन्हा पुकारलं, "ट्वेंटी सेव्हन?" आणि तो बारीक आवाज तिच्या तोंडून निघून गेला.

दुपारी खोलीत आल्यावर तिनं श्रेयाचं कपाट उघडलं. सगळे कपडे जागच्या जागी. टॉवेल दोरीवर, चार्जर भिंतीला. मावशीकडं राहायला निघालेली पोर एक ड्रेससुद्धा घेत नाही?

तिला काळ्या कानाची मेंढी आठवली. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी बसायचं आणि आत जाणाऱ्या एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचं, ही मुंजाबांची रीत. एकदा ते तापानं पडले, म्हणून नऊ वर्षांच्या अक्षदाला बसवलं. "काळ्या कानाची आली का गं?" त्यांनी अंथरुणातनं विचारलं. हिला खेळायची घाई. "आली, आली!" मग कोण कशाला शोधायला जातं? सकाळी कालव्याच्या कडेला तिचं कातडं सापडलं, बाकी लांडग्यांनी काही ठेवलं नव्हतं. आजोबांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, "तू नाय म्हनली असती ना, तं आमी गेलो असतो."

खाली कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. अक्षदा जिन्यात आली. तात्यासाहेब होते, काखेत धपाट्यांचा डबा. "तीन दिस झाले, पोरीचा फोन लागंना," ते रेक्टर मालनबाईंना सांगत होते.

"अहो, मोबाईल बिघडला असेल. आज नऊच्या तासाला हजर आहे ती, तुम्हालाही मेसेज आलाय ना? गेली असेल पोरींबरोबर बाजारात. सातपर्यंत येईल."

तात्यासाहेबांनी मेसेज पुन्हा वाचले. "व्हय, ते बी खरंच हाय," म्हणत ते खुर्चीत टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तो आलेला रंग बघून अक्षदाला रडू कोसळेल असं झालं. कॉलेजातून नाव काढलं तर बापाला काय तोंड दाखवायचं? कठड्यावरचा हात सुटेना.

"काका," ती उतरत म्हणाली, "करमाडच्या मावशीला इचारलं का?"

"करमाडला? करमाडला कोन हाय आमचं?"

अक्षदा शेवटची पायरी उतरली. "ती सकाळी वर्गात नव्हती, काका."

"अन् मग हे काय?" ते मान खाली घालून फोनवरचे मेसेज उघडायला लागले.

तिनं डोळे मिटले आणि श्रेयाच्या बारीक आवाजात म्हणाली, "प्रेझेंट, मॅम."

तात्यासाहेब ताडकन उठले आणि हसऱ्या तोंडानं मागं दाराकडं वळले. दारात कुणी नव्हतं.

"सोमवारपासनं नाय ती," अक्षदा आपल्या आवाजात ओरडली, "चला काका, लवकर चला शोधायला!"