परीक्षेची तार

दातांना तारा लावण्याच्या शिक्षणात तो माझ्या एक वर्ष पुढं होता. पेशंटच्या तोंडात घालण्याआधी आरसा तळहातावर घासून गरम करायचा. प्रत्येकीला ‘आक्का’ म्हणायचा. एवढा मऊ माणूस!

वडगावच्या एका मुलीचे दात केव्हाच रांगेत आले होते. ती म्हणाली, “डॉक्टर, लगीन ठरलंय. आता तरी तार काढा की.”

“थोडंच ऱ्हायलंय गं आक्का.”

काहीच राहिलं नव्हतं. परीक्षकांना दाखवायला त्याला तारेसकट पेशंट हवी होती.

लग्नाच्या फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी होती. फोटो बघून तो म्हणाला, “लई छान दिसतीस.”

तो पास होऊन गेला. तार मी काढली. तिच्या हातात आरसा दिला, तर ती तोंडावर हात ठेवूनच हसली.